घरच्या माणसाचं व्हय

सोमवारी सकाळी गुरवकाका गेले. चहा प्यायले, कप खिडकीत ठेवला, खाटेवर बसले आणि गेले. मला वृद्धाश्रमातून फोन आला तेव्हा आठ वाजायचे होते. मी रिक्षा केली. पोचले तेव्हा त्यांच्यावर चादर घातली होती. मी आईच्या खाटेकडे गेले. आई म्हणाली, "बाय, माझं ऱ्हायलं."

तिचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. ते राहण्याचं कारण मी होते. काकांविषयी लिहायला बसल्यापासून मी चार वेळा उठले आहे. एकदा पाणी प्यायला, एकदा कडी लावली का बघायला, दोनदा नुसतीच. त्यांच्याविषयी लिहायचं म्हटलं की शेवटी आईच्या त्या वाक्यापाशी यावं लागतं, आणि तिथे मला बसवत नाही.

वृद्धाश्रम रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्याला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर आहे. जांभ्या चिऱ्याची बैठी इमारत. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, मधे जेवणाचा हॉल. भोवती आंब्याच्या बागा. मोहोराच्या दिवसांत मोहोराचा वास आणि फवारणीच्या औषधाचा वास एकदमच खिडकीतून आत येतात. आईच्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. घरात मी एकटी. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांचे गठ्ठे उचलले होते, त्यामुळे आईलाही उचलता येईल असं वाटलं होतं. आठ महिन्यांत माझी पाठ गेली. मग मी आईला इथे आणलं. त्याला तीन वर्षं झाली.

पहिल्या दिवशी सिस्टर आईला साखर किती, रक्तदाब किती, गोळ्या कोणत्या असं विचारत होत्या. एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. पांढरा लेंगा, खांद्यावर पंचा, पाय सतत हलते. तेच गुरवकाका. सिस्टरांचं झालं तसं त्यांनी विचारलं, "गाव कंचा? वाडी कंची? गावात देव कोन?"

आईने गाव सांगितला. देव सांगितला, सोमजाई.

"ही सासरची की म्हायेरची?"

"सासरची."

"मग बोलायचं कुनाशी? सासरच्या देवाशी की म्हायेरच्या?"

आई चादर सारखी करायला लागली. काका म्हणाले, "घाई नाय. सोमवारपर्यंत सांगा." आणि गेले.

हा प्रश्न ते इथे येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत. हातात पोळपाट-लाटणं आल्यापासून सासरच्या देवाला हात जोडलेल्या त्या बायका. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलेलाच नसे. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी म्हणे दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, "नवस सासरच्या देवाला बोललंय ते तसंच ऱ्हाऊ दे. पन दुखतंय-खुपतंय ते म्हायेरच्याला सांगा." आईने सोमजाईच निवडली. "बाबांच्या गावची हाय ती," ती मला म्हणाली. माझे वडील शाळामास्तर. ते देवळात जात नसत. त्यांच्या वाटणीचा नमस्कारही आईच करायची.

काका सावर्ड्याच्या आतल्या बाजूच्या एका गावचे गुरव. देवळाची पूजा पुतण्यांकडे गेली, बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. स्वतःच्या पायांनी वृद्धाश्रमात आलेला तो एकटाच माणूस, असं आश्रम चालवणाऱ्या मॅडम सांगायच्या. गावागावांची दैवतं, त्यांच्या सीमा, कुठल्या पाणवठ्यावर कोण, कुठल्या वडाखाली कोण, हे सगळं त्यांच्या तोंडात होतं. लिहिलेलं काहीच नाही. मला लिहून ठेवायची फार इच्छा होती. मी वही काढली की ते चालायला लागत.

ते बसत नसत. चालता चालता बोलायचे, उभ्याने जेवायचे. स्वयंपाकाच्या मावशी ओरडायच्या, "अवो काका, बसा की! अन्न पायांत उतरतंय सगळं."

"उतरू दे. कामाला पायच येतात."

सोमवारी चहा झाला की ते बाहेर पडत. एक नारळ हातात. एकेकाच्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि त्या माणसाचं गाऱ्हाणं त्याच्या गावच्या देवाला घालायचं. आमच्याकडे गुरव किंवा मानकरी देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते काकांनी देवळातून उचलून या खाटांपाशी आणलं होतं. आधी पायाखालच्या जागेचा राखणदार, मग सड्याच्या सीमा, पश्चिमेचा दर्या, पूर्वेचा घाट, मग त्या माणसाचा तालुका, गाव, वाडी, देव. हे सगळं खणखणीत आवाजात. मग आवाज खाली यायचा आणि मागणं यायचं. मागणं अगदी बारीक असे. "हिच्या पाठीला जखम हुईल असं सिस्टर म्हंतात, ती होऊ देऊ नको." "ह्याला तीन दिस पोट साफ नाय, त्येवढं बघ." "हिची लेक रत्नागिरीतनं येते, तिची बस चुकवू नको." एका सोमवारी एकच काम सांगायचं, असा त्यांचा नियम होता. देवाला यादी दिली की तो पहिलं विसरतो म्हणायचे.

नारळ कधी फोडायचा नाही. सगळ्यांसाठी एकच. तो वाळून आतून वाजायला लागला की स्वयंपाकघरात द्यायचा आणि दुसरा घ्यायचा.

"म्हंजे चाळीस मानसांची दुखनी ज्यात हायत तो नारळ मी चटनीत घालू?" मावशी.

"घाल. वाटून खाल्लं की कमी हुतं."

पुरुषांच्या बाजूला एक निवृत्त पोस्टमास्तर होते. काठीवर चालायचे. देव मानायचे नाहीत आणि तसं आल्या-गेल्याला सांगायचे. काका पहिल्यांदा त्यांच्या खाटेशी गेले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. "माझं घालू नका."

"बरं. मग गावची खबर ऐका." आणि काकांनी त्यांना त्या दिवशीचे मासळीचे भाव, कुठली एसटी बंद पडली, कुठल्या बागेत माकडं शिरली ते सगळं उभ्याने सांगितलं. पुढच्या सोमवारीही तसंच. तिसऱ्या सोमवारी पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.

"तुमचं गाऱ्हाणं मी ऐकतो," ते म्हणाले. "त्यात पत्ताच जास्त. मजकूर दोन ओळी."

"पत्ता चुकला तर मजकूर कुटं जाईल, मास्तर?"

हे पोस्टमास्तरांना पटलं असावं. तेव्हापासून ते काकांच्या मागून काठी टेकत हिंडायला लागले. स्वतःचं गाऱ्हाणं कधी घालू दिलं नाही, पण इतरांच्या वेळी "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने तेच म्हणत. मी एकदा विचारलं, "तुम्ही तर मानत नाही."

"मी देवाला कुठे व्हय म्हणतोय? ह्या म्हातारीची पाठ बरी व्हावी, ह्याला माझी हरकत आहे का? नाही. म्हणून व्हय."

दुसरं एक सांगायला हवं. काका सारखी खाट बदलत. दर दोन-तीन महिन्यांनी मॅडमकडे जाऊन खाट बदलून मागायचे. कधी पंखा नको, कधी खिडकी नको, कधी शेजारचा घोरतो. मॅडम वैतागायच्या. पुढे लोकांच्या लक्षात आलं की ज्याच्या शेजारी ते जातात तो माणूस फार दिवस राहत नाही. मग पुरुषांच्या बाजूला भीती पसरली. काका गादी गुंडाळायला लागले की खोलीभर माणसं माना वर करून बघायची. एका आजोबांनी तर हात जोडले, "काका, मी लई घोरतो हो, शप्पत." काका हसले आणि दुसऱ्या टोकाला गेले. खरं काय ते सिस्टरांना माहीत होतं. कुणाचं होत आलंय हे काकांना आधी कळायचं, आणि त्या माणसाला पाणी मागायला शेजारी कुणी जागं असावं म्हणून ते जायचे.

घरच्या माणसांनी हजर असावं असा त्यांचा आग्रह असे. गाऱ्हाण्यातलं शेवटचं व्हय घरच्याचं. कुणी नसेल तर फोन. एका आजींचा मुलगा डोंबिवलीहून व्हिडिओवर यायचा आणि त्याचं "व्हय म्हाराजा" दोन सेकंद उशिरा पोचायचं. काका पुढचं वाक्य सुरू करायचे आणि मागल्या वाक्याचं व्हय मधेच यायचं. "बाबा रे," काका फोनला म्हणाले, "तू एकतर आधी म्हन नायतर हितं ये." तो मुलगा पुढच्या महिन्यात खरंच आला.

आता आईचं.

मार्गशीर्षातला सोमवार होता. काकांनी आईचं नेहमीचं गाऱ्हाणं घालायला नारळ धरला तेव्हा आई म्हणाली, "आज त्ये नको. मुंबैला जानाऱ्याचं घालतात ना, तसं घाला."

आमच्याकडच्या गावांतून मुंबईला निघालेल्या माणसाचं देवळात गाऱ्हाणं घालत. तुझं लेकरू परमुलखात निघालंय, पाठीशी राहा, पुढे राहा, वाटेत अडवू नको, सुखरूप पोचव. आईने आपल्या दोन भावांना असं जाताना पाहिलं होतं.

"कुठे निघालीस तू?" मी विचारलं.

"बाय, तुला कळतंय."

खोलीतल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. आईला आजार नव्हता. डोकं शाबूत होतं. ती रडतही नव्हती. "पंचाऐंशी झाली. अंगात काय ऱ्हायलं नाय. पन न सांगता कसं निघायचं? घरातनं बाजारात जायचं तर सासूला सांगून जायचे मी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्ये गाऱ्हानं घालायचं तर मागं ऱ्हानाऱ्यानं व्हय म्हनावं लागतं. ताई, तुमी म्हनाल?"

मी म्हणाले, "आई, काहीतरी बोलू नकोस," आणि बाहेर गेले.

उरलेल्या खाटा झाल्यावर काकाही बाहेर आले आणि विहिरीच्या कठड्याभोवती फेऱ्या घालायला लागले. मी त्यांना गाठलं. मी सहसा कुणाला बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. तुम्ही तिच्या डोक्यात हे भरवलंत. ती जेवत होती, बोलत होती. इथे माणसं जगायला ठेवतात. तुम्हाला काय, एक खाट रिकामी झाली की दुसरी बदलायची.

ते ऐकत चालत राहिले. मीही त्यांच्याबरोबर चालत होते, कारण थांबले असते तर ऐकू गेलं नसतं.

"ताई, मी कौल लावायचो," ते म्हणाले. देवाच्या अंगाला फुलाच्या कळ्या लावायच्या, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार, हे मला माहीत होतं. "एक बाई आली. ल्योक मुंबैला गेला तो चार वर्सं पत्ता नाय. परत येनार का, विचारा म्हनाली. कळी पडंना. तास झाला. ती आपली हात जोडून हुबी, सकाळपासनं पोटात काय नाय. मना बघवंना. मी वाकलो नि उजव्या कळीवर बारीक फुंकर मारली."

"मग?"

"पडली. बाई नाचत घरी गेली. ती अकरा वर्सं ताटात त्याचा भात वाढत व्हती. जावयानं बोलावलं तरी घर सोडून गेली नाय, ल्योक आला नि कुलूप दिसलं तर म्हनून. भिंत पडली तवा त्याच घरात व्हती." ते पहिल्यांदाच थांबले. "त्याच्यानंतर मी कौल लावला नाय. आता मी नुसतं सांगतो. देवाच्या वतीनं नाय बोलत, नि तुमच्याबी वतीनं नाय. तुमी व्हय म्हनलात तर तिचं घालीन. नाय म्हनलात तर नाय घालायचा. पन तुमचं व्हय मी म्हनायचा नाय."

मी त्याच दिवशी मॅडमकडे गेले आणि सांगितलं की गाऱ्हाण्याने बायकांची मनं खचतात. मी शिकलेली, नीट बोलणारी, महिन्याचे पैसे वेळेवर भरणारी. मॅडमनी काकांना बायकांच्या बाजूला जायला बंदी केली.

तीन सोमवार कुणी आलं नाही. त्या तीन सोमवारी मी आईजवळ बसून तिला वाचून दाखवत होते. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. माझ्याशी ती फक्त एवढंच बोलली, "बस मिळाली वेळेवर?" शेजारच्या आजींनी माझ्याकडे पाठ केली. हॉलच्या पलीकडून पुरुषांच्या बाजूचं "व्हय म्हाराजा" ऐकू यायचं, त्यात पोस्टमास्तरांचा आवाज सर्वांत वर, आणि आमच्याकडच्या बायका आपापल्या खाटेवर ओठ हलवायच्या. आपलं नाव घेतलं जात नाहीये हे माहीत असूनही.

चौथ्या सोमवारच्या आधी मी जाऊन तक्रार मागे घेतली. मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमचं एक काय ते ठरवा."

काका आले. मला काहीच बोलले नाहीत. "ताई, बरी?" एवढंच. त्या दिवसापासून आईचं नेहमीचं गाऱ्हाणं घालायचे, झोप लागू दे, पाय आखडू नको देऊ, आणि संपताना एक क्षण थांबायचे. नारळ हातात, नजर माझ्यावर. मग पुढच्या खाटेकडे जायचे. मी सहा सोमवार तो क्षण तसाच जाऊ दिला. प्रत्येक वेळी बसमध्ये ठरवून जायचे. प्रत्येक वेळी आईचे हात दिसायचे, चादर सारखी करणारे, आणि मीही तीच चादर सारखी करायला लागायचे. मी तिला घराबाहेर काढलं होतं. आता तिला जायलाही मीच सांगायचं, हे मला जमेना. सातवा सोमवार म्हणजे ते गेले तो.

दुपारी त्यांचे पुतणे गाडी घेऊन आले. शरीर गावी न्यायचं होतं. चालता येईल तेवढे सगळे फाटकापाशी जमले. स्ट्रेचर गाडीत गेलं, एक दार लागलं आणि दुसरं लावायला ड्रायव्हर थांबला. सगळ्यांना वाटलं आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. म्हणणारा गाडीत होता. पोस्टमास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुतणे आमच्याकडे बघत राहिले. मग दुसरं दार लागलं. एवढ्या माणसांचं देवाला सांगणारा तो माणूस कुणाला काही न सांगता गेला. मी आत आले तेव्हा आईने विचारलं, "घातलं कुनी त्यांचं?"

"नाही."

आई भिंतीकडे वळली.

तो आठवडा मी घरात या खोलीतून त्या खोलीत हिंडत होते. पुस्तक उघडलं की चार ओळींत मिटत होते.

पुढच्या सोमवारी चहा झाला. कप तसेच राहिले. सवयीने सगळ्या बायका उठून, टेकून बसल्या होत्या. कुणी येणार नव्हतं. मग काठीचा आवाज आला आणि पोस्टमास्तर दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातलेला. हातात नारळ नव्हता.

"मी मानत नाही, हे पहिल्यांदा स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "पण पाठ आहे. चार वर्षं ऐकतोय. त्या दिवशी गाडीपाशी माझी वाचा बसली, ते मला आठवडाभर टोचतंय. कुणाचं राहिलंय?"

आई म्हणाली, "माझं."

"कुठलं?"

"जायचं."

पोस्टमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "अहो ग्रंथपाल, मी पत्ता बिनचूक सांगेन. पुढचं तुमच्याकडे."

त्यांनी सुरुवात केली. काकांची लय नव्हती. तार वाचावी तसं वाचत होते. पण जागेचा राखणदार, सडा, दर्या, घाट, तालुका, गाव, वाडी, सोमजाई, एकही नाव चुकलं नाही. मग म्हणाले, "तुझी सून निघाली आहे. कधी निघेल ते ती आणि तू बघून घ्या. वाटेत अडवू नकोस. पाठीशी राहा, पुढे राहा. सुखरूप पोचव. मागे तिची मुलगी आहे, तिलाही बघ." आणि थांबले.

हे व्हय माझं होतं, म्हणून बायका थांबल्या होत्या. शेजारच्या आजीही. बाहेर बागेत फवारणीचा पंप चालू होता. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती छताकडे बघत होती, मला अवघडायला नको म्हणून.

मी म्हणाले, "व्हय म्हाराजा."

पोस्टमास्तर म्हणाले, "ऐकू आलं नाही." मी पुन्हा म्हणाले. मग बायका म्हणाल्या.

आईने डोळे मिटले. मी घाबरून तिचा हात धरला. तिने एक डोळा उघडला. "लगेच काय निघते मी? चहा गार झाला आसंल. गरम करून आन."

आई अजून आहे. कधी पूर्ण पोळी खाते, कधी अर्धी. झोप बरी लागते, असं सिस्टर सांगतात. काकांची खाट राजापूरकडच्या एका आजोबांना दिली आहे. सोमवारी पोस्टमास्तर हिंडतात, मी त्यांच्याबरोबर असते. आईच्या खाटेपाशी ते पाठदुखीचं, पायाचं, त्या आठवड्याचं जे असेल ते घालतात. जाण्याचं गाऱ्हाणं एकदाच घालतात. ते झालं आहे.